आबांच्या पानावर सोपाननानांची बाग

"साठ पानं हायत आन् साठच्या साठ पानांवर गणपती!" विजयसिंह तात्यांनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला नाही, आपटला. "निकिता, आपल्याला पेरू इकायचेत का आरत्या?"

एरवी मला हसू आलं असतं. पण चूक माझी होती, आणि माझ्या चुकीवर दुसरं कुणी बोललं की माझं डोकं फिरतं.

"तात्या, तो नमुन्याचा फोटो आहे. तिथं ज्यानं त्यानं आपल्या बागेचा फोटो टाकायचाय. मीटिंगमध्ये घसा फोडून सांगितलं होतं मी."

"मग टाकला का कुणी?"

"नाही."

"एकानं तरी?"

"नाही म्हटलं ना!"

मागं फ्लेक्सचं मशीन चालू होतं, ते थांबलं. म्हणजे अण्णा ऐकायला लागले. अण्णा म्हणजे माझे वडील, सावळाराम. निमगाव केतकीच्या स्टँडसमोर त्यांचं फ्लेक्सचं दुकान आहे आणि त्याच दुकानात मागच्या भिंतीला लागून माझं टेबल. आधी मी बारामतीला एमआयडीसीजवळ एका ऑफिसात वेबसाइट बनवायचे. हॉटेलांचे मेन्यू, मंगल कार्यालयांचे फोटो, क्लासच्या जाहिराती. कंटाळून सोडलं आणि गावात येऊन म्हटलं, आता आपल्या माणसांचं काम करायचं. तात्यांच्या शेतकरी कंपनीची वेबसाइट, तीत प्रत्येक सभासदाचं एक पान, हे माझं पहिलं मोठं काम. इंदापूर तालुक्यातल्या साठेक पेरूवाल्यांनी मिळून काढलेली कंपनी, आणि तात्या तिचे अध्यक्ष.

"हे बघ," तात्या खुर्ची ओढून बसले, आवाज जरा खाली आला. "सोमवारी बारामतीला बेंगळुरूचे व्यापारी येत्यात. मोठ्या पडद्यावर एकेक पान दाखवायचं हाय. त्यांना मागं कुणीतरी एकाची बाग दावून दुसऱ्याचा माल दिलाय, तवापासनं ते लई चिकित्सा करत्यात. त्यांचं म्हणणं एकच, ज्याचं पान त्याचीच बाग पायजे. एक जरी पान खोटं न्हायतर रिकामं निघालं, तर ते उठून जाणार."

"निघणार नाही."

"आन् कुणाला वगळायचं बी न्हाय. सभासदांत भांडणं लागतील. पुण्याच्या वेबसाइटवाल्या कंपनीचा माणूस बी त्याच दिवशी येतोय. त्यो म्हणतो, आमीच फिरून फोटो काढतो, आमीच टाकतो, शेतकऱ्याला हात लावायची गरजच न्हाय."

"म्हणजे पेरू उतरले, भाव बदलला, फोन नंबर बदलला, की दर वेळी पुण्याला फोन करायचा? तात्या, मी सांगते, शेतकऱ्याचं पान शेतकऱ्यानंच चालवलं पाहिजे. आणि तो चालवेल!"

"तूच म्हणलीस, म्हणून तर काम दिलं. मग दाव चालवून. सोमवारपातूर साठच्या साठ. आन् तू टाकल्याला फोटो धरायचा न्हाय, कुणाच्या लॉगिनवरनं चढला ते मला दिसतं."

तात्या गेले. अण्णा मशीनमागून म्हणाले, "निके, गणपती कशाला बसवलास?"

"तुमच्यामुळं!" मी म्हटलं.

आणि ते खरंच होतं. या कामाचं माझं सॉफ्टवेअर असं आहे की त्यात कोड लिहीत बसावं लागत नाही. पान शेवटी जसं दिसणार तसंच पडद्यावर समोर असतं. बाजूच्या पट्टीतून मथळा उचलायचा, फोटोची चौकट उचलायची, 'फोन करा'चं बटण उचलायचं आणि पानावर आणून सोडायचं. ओढायचं, ताणायचं, रंग द्यायचा. पण मी साठ पानं बनवत नव्हते, मी एकच टेम्प्लेट बनवत होते, एकच साचा. साच्यात नाव, गाव, पिकाची जात, माल कधी निघणार, फोन आणि फोटो, अशा जागा ठेवायच्या. शेतकरी आपल्या मोबाइलवरून त्या भरतो आणि त्याचं पान साच्यातून तयार होऊन बाहेर पडतं. साच्यात एक रंग बदलला की साठही पानांचा बदलतो.

तो साचा मी जीव ओतून बनवला होता. नावाच्या वेलांट्या वरून कापल्या जात होत्या, ओळीची उंची वाढवून वाढवून त्या मोकळ्या केल्या. तात्यांना प्रत्येक पानाच्या डोक्यावर सगळ्या संचालकांचे फोटो पाहिजे होते. मी तसं करून त्यांच्याच मोबाइलवर दाखवलं. अंगठ्यानं पान वर सरकवता सरकवता पेरू येईनातच, तेव्हा कुठं तात्या म्हणाले, "बरं, ऱ्हाऊ दे." हे सगळं जमलं. राहिली एक बारकी गोष्ट. शेतकऱ्यानं फोटो टाकेपर्यंत त्या चौकटीत काहीतरी दिसायला हवं ना! मी फ्लेक्सच्या दुकानात वाढलेली पोर. आमच्याकडं दुकानाच्या उद्घाटनाची असो की बारशाची, नवी फाईल उघडली की वर मधोमध आधी गणपती बसतो, मग बाकीचं. माझा हात आपोआप तिकडं गेला.

शुक्रवारी मी स्कूटी काढली आणि सणसरला बानूबाईंकडं गेले. बानूबाई आमच्या सभासदांत हुशार बाई, मोबाइल पोरांपेक्षा चांगला चालवतात. म्हटलं, यांनीच नाही टाकला तर बाकीच्यांचं काय.

"बानूमावशी, फोटो का नाही टाकला?"

"टाकणार हुते की. दहा फोटू काढून ठिवलेत, बघ." त्यांनी दाखवले. एकापेक्षा एक. पेरूला फोमची जाळी, वर पिशवी, आतून हिरवा-पिवळा रंग चमकतोय. "पण त्या फोटूवर बोट ठिवलं की तितं येतंय, 'हा फोटो काढून टाकायचा का?' मी म्हणलं, अगं बया! देवाला काढून टाकू आन् तितं माझी फांदी लावू? व्हय म्हणून दाबायला बोटच धजंना."

"अहो मावशी, देव कुठं जात नाही, नुसता फोटो जातो!"

"ते तुला ठावं. मला न्हाय जमायचं. तूच काढ."

पुढं निमगावात, मग निरवांगीकडं, जिथं गेले तिथं हेच. एका बाप्यानं तर रोज सकाळी आपलं पान उघडून गणपतीला नमस्कार करायचा नेम धरला होता. मी त्याच्यापुढं कपाळावर हात मारून घेतला तर तो म्हणाला, "का गं, डोकं दुखतंय का?"

परत आले, टेम्प्लेट उघडलं, गणपतीला हात जोडले आणि काढला. त्या जागी साधी करडी चौकट, मधे कॅमेऱ्याचं चित्र, खाली अक्षरं, 'इथे आपल्या बागेचा फोटो टाका.' जतन केलं. साठही पानं करडी झाली.

झालं! तासाभरात फोन सुरू. "आमचा गणपती कुणी काढला?" "पान बंद पडलं का?" "आपलं नाव कमी केलं का कंपनीतनं?" मी एकेकाला समजावत होते, काका, तुम्हीच फोटो टाका. त्यावर उत्तर ठरलेलं, "टाकतो की, निवांत टाकतो. आता माल उतरायचाय." कुणाला घाई म्हणून नाही. रिकामी चौकट कुणालाच टोचत नव्हती. शुक्रवार तसाच गेला. आणि मला दिसायला लागली बारामतीची ती खुर्ची, तो मंगल कार्यालयाचा हॉल, लाल गालिच्याचे फोटो. परत तिथं? मेले तरी नाही.

शनिवारी सकाळी अण्णा चहा पिता पिता म्हणाले, "एवढी वर्षं फ्लेक्स छापतोय. स्वतःचा फोटू टाका म्हणून कुणी पळत येत न्हाय, निके. शेजारच्याचा मोठा झाला की पळत येतंय."

मी कप खाली ठेवला. "अण्णा, परत म्हणा."

"काय परत म्हणू? चहा पी."

पण माझ्या डोक्यात ते बसलं होतं. रिकामी जागा टोचत नाही, देवाची जागा कुणी घेत नाही. पण आपल्या नावाखाली दुसऱ्याची बाग? ती सहन होईल का आमच्या माणसांना? शक्यच नाही!

बाग कुणाची घ्यायची याला विचार लागला नाही. निरवांगीचे सोपाननाना. सगळ्या तालुक्यात त्यांच्या पेरूचं नाव, आणि नानांना त्याचं तेवढंच कौतुक. बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, पेरू यांनीच शोधून काढला. निम्मे सभासद त्यांच्यावर जळतात आणि उरलेले निम्मे तसं दाखवत नाहीत.

"अण्णा, मी सोपाननानांची बाग साच्यात टाकते. ज्यानं फोटो टाकला नाही, त्याच्या पानावर नानांची बाग दिसणार."

अण्णा हसायला लागले आणि मधेच थांबले. "आन् महिपतीचं काय?"

महिपती आबा हे सोपाननानांचे थोरले भाऊ. सहा वर्षांपूर्वी वाटणी झाली. विहीर आणि जुनी बाग नानांच्या वाट्याला गेली, आबांना कॅनॉलच्या अंगाची नवी जमीन मिळाली. कुणी फसवलं नव्हतं, चिठ्ठी टाकून झालं होतं, पण बोलाचाली अशी झाली की आबांनी त्या बांधावर परत पाय ठेवायचा नाही म्हणून शपथ घेतली. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. मधल्या बांधावर हत्तीगवत माजलंय, इकडचं तिकडं दिसत नाही.

"त्याच्या पानावर सोपानची बाग लावशील, तर त्यो तुला उभी जाळील," अण्णा म्हणाले.

"जाळू दे. मग सगळ्यांत आधी तेच बदलतील!"

निरवांगीला गेले. सोपाननाना खूश. डोक्यावरची टोपी बदलून आले. नव्या प्लॉटमध्ये रांगा सरळ, झाडं कमरेएवढी, पिशव्या घातलेला माल खच्चून. मी तिथं मोबाइल धरला तर म्हणाले, "तितं नगं. हिकडं जुन्या वळीपाशी काढ."

"नाना, इथं उजेड चांगला आहे, माल पण दिसतोय."

"माझी बाग हाय ना? मग म्या म्हणंल तितं."

जुन्या ओळीची झाडं जाड खोडाची, वेडीवाकडी. मला पसंत नव्हतं, पण वाद घालायला वेळ नव्हता. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "नाना, हा फोटो सगळ्यांच्या पानावर दिसणार. ते बदलेपर्यंत. शिव्या बसतील."

"सगळ्यांच्या? समद्यांच्याच?"

"सगळ्यांच्या. आबांच्यासुद्धा."

नानांनी बांधावरच्या हत्तीगवताकडं पाहिलं. मला वाटलं, आता नाही म्हणतात. "टाक," ते म्हणाले.

दुकानात आले, टेम्प्लेट उघडलं, चौकटीवर बोट, जुना काढला, नवा ओढून आणला, मोबाइलवर कसं दिसतं ते पाहिलं, जतन करा. साठ नावं, साठ गावं आणि साठही पानांवर सोपाननाना टोपी घालून उभे.

मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. पहिला फोन सणसरहून, बानूबाईंचा. "ए निकिता! माझ्या नावाखाली त्यो बाप्या कोण उभा केलायस? माझी बाग हाय ती! लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "मावशी, मला काढता येत नाही, तुम्हीच काढा." पुढचं वाक्य ऐकायला त्या थांबल्याच नाहीत. चहा व्हायच्या आत त्यांच्या पानावर त्यांचा पेरू. पाठोपाठ दुसरा, "त्या सोप्याची बाग माझ्यापेक्षा बरी हाय का? बरी हाय का सांग!" "अजिबात नाही काका. लावा की मग तुमची." तिसऱ्यानं तर माझी आयमाय काढून फोन ठेवला आणि अर्ध्या तासात एकदम चांगला फोटो टाकला, पोरगी हातात पेरू धरून हसतेय असा. मी पडद्यावर यादी उघडून बसले होते. एकेक नानांची टोपी जात होती आणि एकेक बाग उगवत होती. अण्णांनी मशीन बंद केलं आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले. क्रिकेटची मॅच असल्यासारखं. "गेला! गेला का कळसचा? शेळगावचा ऱ्हायलाय बघ!"

रविवारी सकाळी डोळे उघडल्या उघडल्या मोबाइल बघितला. सगळी पानं झाली होती. एक सोडून.

महिपती आबांच्या पानावर सोपाननाना अजून उभे होते.

फोन लावला. लागतोय, उचलत नाहीत. परत लावला. तिसऱ्यांदा प्रयागकाकूंनी उचलला, आबांच्या मंडळींनी. "ते बोलत न्हाईत गं. सकाळधरनं मोबाइल घिऊन बसल्यात."

आता काय करायचं? ते पान तसंच गेलं तर ते नुसतं रिकामं नव्हतं, ते खोटं होतं. एकाच्या नावाखाली दुसऱ्याची बाग. बरोबर तेच, ज्याच्यावरून ते व्यापारी उठून जाणार होते. आणि ते मी माझ्या हातानं तिथं लावलं होतं. करडी चौकट परत आणली तरी पान रिकामंच राहणार होतं. मी स्कूटीला किक मारली. म्हटलं, पाय धरीन, रडीन, भांडीन, पण आज हे पान बदलल्याशिवाय निरवांगीतून हलायचं नाही.

आबा बागेच्या कडेला खाटेवर बसले होते. काकू जवळच्याच ओळीत पेरूला जाळ्या घालत होत्या. आबांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"आबा, रागावला असाल तर मला बोला. मी चुकले. पण फोटो बदला."

"बदलायचा न्हाय."

"उद्या सोमवार आहे, आबा!"

"म्हाईत हाय."

"मग? फोटो काढता येत नाही का? मी शिकवते. हे बघा, इथं बोट..."

"येतंय मला समदं. तूच शिकवलंस. बदलायचा न्हाय म्हणलं ना."

माझं डोकं फिरलं. "म्हणजे त्यांच्यावरचा राग तुम्ही माझ्यावर काढणार? एकोणसाठ माणसांनी पानं केली, आणि तुमच्या भांडणापायी सगळ्यांचे व्यापारी उठून जाणार? तुमची बाग काय वाईट आहे का? ही काय उभी आहे समोर! तुमच्या नावाखाली दुसऱ्याची बाग बघवते तरी कशी तुम्हाला?"

काकूंचे हात थांबले. आबांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केलेला होता, इतका की नानांची टोपी बाहेर गेली होती. दिसत होती फक्त मागची झाडं.

"हे तिसरं झाड बघ. वाकडं हाय का?"

"आहे."

"म्या लावलंय. समदी वळ म्या लावलीय. सोपान तवा बारका हुता, रोप धरून उभा ऱ्हायचा. ह्या झाडाला त्याचा हात हालला, म्हणून ते वाकडं आलं. म्या त्याला तवा लई बोललो हुतो." आबांनी फोटो बोटानं जरा पुढं सरकवला. "ह्ये पाचवं. ह्याचा पेरू आतनं लाल निघतो. सहा वर्षं झाली, ही झाडं म्या बघितली न्हाईत. म्या जायाचं न्हाय आन् हितनं गवतामुळं दिसत न्हाय. काल पान उघडलं, तर ही समदी माझ्याकडं आल्याली."

त्यांनी फोटो परत बारीक केला.

"आन् खाली नाव कुणाचं हाय ते वाच."

"महिपती," मी म्हटलं.

"मग खोटं काय हाय त्यात?"

मी खाली मातीत बसले. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, राहू दे. जाऊ दे व्यापारी, जाऊ दे काम, बारामतीची खुर्ची काय वाईट आहे? पण ते क्षणभरच. मी अशी सोडून देणारी नाही. आणि हे असं सोडलं तर आबांना तरी काय मिळणार होतं? तळहाताएवढा फोटो! झाडं पन्नास पावलांवर उभी, आणि हा माणूस ती काचेवर बघत बसणार?

मी उठले. सरळ बांधाकडं निघाले. मागून काकू म्हणाल्या, "अगं कुठं?" मी हत्तीगवत दोन्ही हातांनी बाजूला सारलं, हात कापले, पलीकडं उतरले आणि ओरडले, "नाना! ओ सोपाननाना!"

नाना पाइपलाइनपाशी होते. धावत आले. "काय झालं? फोटू काढून टाकला ना त्यानं?"

"नाही काढला."

"शिव्या दिल्या का? मला? काय म्हणला?"

ते इतक्या आशेनं विचारत होते की मी बघतच राहिले. "तुम्हाला शिव्या पाहिजेत का?"

नानांनी टोपी काढून हातात घेतली. "म्या फोटू दिला तो कशासाठी दिला? मला काय समद्या तालुक्यात मिरवायचं हुतं व्हय? म्हणलं, त्याच्या पानावर माझं तोंड दिसल्यावर तरी फोन करंल. शिव्या द्यायला का हुईना, करंल. काल दुपारधरनं मोबाइल खिशातनं बाहीर ठिवलाय. समद्यांचे आले. त्याचा न्हाय."

"ते शिव्या देणार नाहीत, नाना. त्यांना फोटो काढायचा नाहीये. ते तिसरं झाड बघत बसलेत."

"वाकडं?"

"वाकडं."

नानांनी टोपी परत डोक्यावर ठेवली, तीही उलटी, आणि मी आले होते त्याच वाटेनं ते गवतात शिरले. मी मागं. ते गवत असं तुडवत चालले होते की मागं पायवाटच पडत गेली.

आबा खाटेवरून उठून उभे राहिले. काकूंनी पदर तोंडाला लावला. दोघं भाऊ समोरासमोर. शेवटी नाना माझ्याकडं वळून म्हणाले, "ह्याचं पान ऱ्हायलंय न्हवं? दे तो मोबाइल हिकडं. दादा, त्या झाडापाशी उभा ऱ्हा. तितं न्हाय, हिकडं, ऊन तोंडावर येतंय."

"मला शिकवू नगं," आबा म्हणाले. पण सरकले.

नानांनी फोटो काढला. नवी झाडं, मालानं वाकलेली, आणि मधे आबा, हातात जाळी घातलेला पेरू. चांगला आला होता, मी काढला असता त्यापेक्षा चांगला. नानांनी मोबाइल आबांच्या हातात दिला. मी हात मागं बांधून उभी राहिले, कारण मी बोट लावायचं नव्हतं. आबांनी पान उघडलं, नवा फोटो निवडला, चौकटीत बसवला. मग थांबले. अंगठा 'जतन करा'वर नेला आणि पडद्यावरून नजर न काढता मला विचारलं, "हे दाबलं की ही वळ जाणार?"

"पानावरून जाणार, आबा."

"परत येत न्हाय?"

मी उत्तर द्यायच्या आधी नाना म्हणाले, "दादा, फोटू कशाला ठिवतोस? ये की बघायला."

आबांनी अंगठा दाबला. गोल गोल फिरत राहिलं, निरवांगीत रेंज ही अशीच. मग पान उघडलं. महिपती, निरवांगी, आणि वर त्यांची बाग.

मी जरा लांब जाऊन तात्यांना फोन लावला. रेंजसाठी मोबाइल कधी या कानाला, कधी त्या कानाला धरत राहिले. तिकडून तात्या नुसते ओरडत होते, "हॅलो! निकिता? अगं बोल की! ऱ्हायलं का एखादं?"

"नाही तात्या," मी म्हटलं. "एकही राहिलं नाही."